ट्रान्समवरचा तडा दर वर्षी परत येतो: जुन्या फायबर होडीच्या मागच्या फळीचं दुखणं आणि त्यावरचा उपाय

गणपतीच्या आधी भरलेला तडा दिवाळीला परत दिसतो. जागाही ठरलेली: इंजिनच्या क्लॅम्पखालचे दोन कोपरे, नाहीतर ट्रान्सम जिथे होडीच्या बाजूंना मिळतो तो सांधा. मग पुन्हा ग्राइंडर फिरवायचा, पुन्हा मोटारीची पुट्टी भरायची, वर काचतंतूंच्या मॅटचा एक तुकडा आणि रंग. पुढच्या वर्षी तडा दोन बोटं लांब झालेला असतो. मालवण-वेंगुर्ल्यापासून हर्णे-अलिबागपर्यंत आऊटबोर्डवर, म्हणजे मागे बाहेरून अडकवलेल्या इंजिनवर, चालणाऱ्या पंधरा-वीस वर्षं जुन्या फायबर होड्यांमध्ये हे दुखणं फार आढळतं.

फायबर कुजत नाही हे खरं आहे. पण इंजिन अडकवतो ती मागची उभी फळी, म्हणजे ट्रान्सम, नुसत्या फायबरची नसते. बाहेर चार-पाच मिलिमीटर फायबर, आत तेवढंच फायबर आणि मध्ये ३५ ते ४० मिलिमीटर प्लायवुड, असं ते सँडविच असतं. इंजिनचा जोर हे तीन थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात म्हणून पेलला जातो. मधलं लाकूड भिजून कुजलं की दोन पातळ पापुद्रे उरतात, आणि प्रत्येक लाटेबरोबर ते आत-बाहेर वाकतात. वाकण्याचा सगळा ताण कोपऱ्यात जातो, म्हणून तडा कोपऱ्यात येतो. पुट्टी तडा झाकते, वाकणं थांबवत नाही. त्यात मोटारीच्या पुट्टीत टाल्कची पूड असते आणि ती पाणी शोषते, म्हणजे लाकडाला पाणी पोचवायची आणखी एक वाट आपणच तयार करतो.

पाणी शिरतं कुठून? बहुतेक वेळा तळातल्या ड्रेन प्लगच्या, म्हणजे पाणी काढायच्या बुचाच्या, भोकातून. भोक पाडताना प्लायवुड उघडं पडतं, त्यावर पितळेची नळी नुसती ठोकून बसवलेली असते, आणि होडी पाण्यात असेपर्यंत ते लाकूड पाणी पीत राहतं. दुसरी वाट इंजिनच्या बोल्टांची भोकं. तिसरी वरची कड: तिथे अॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने ठोकलेली असते आणि प्रत्येक स्क्रू पावसाचं पाणी थेट प्लायच्या थरांत सोडतो. गोडं पाणी इथे खाऱ्यापेक्षा वाईट. लाकूड कुजवणारी बुरशी पावसाच्या पाण्यात जोमाने वाढते, म्हणून चार महिने उताणी, उघडी ठेवलेली होडी रोज समुद्रात जाणाऱ्या होडीपेक्षा लवकर कुजलेली दिसते.

आधी खात्री करा

प्रत्येक तडा म्हणजे कुजका ट्रान्सम नव्हे. तड्यावर बोटभर लांबीत ४० नंबरचा पॉलिश पेपर लावून जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत रंगीत थर, घासून काढा. जेलकोट अर्धा ते पाऊण मिलिमीटर असतो. तेवढा गेल्यावर तडाही नाहीसा झाला तर दुखणं वरवरचं आहे, जेलकोट भरला की काम संपलं. खालच्या काचतंतूंत पांढरी रेघ तशीच पुढे जात असेल तर फायबर फाटलेलं आहे, पुढचं तपासायलाच हवं.

इंजिन अर्धवट उचलून लॉक करा. एकाने इंजिनचा खालचा पाय धरून वर-खाली हलवायचा, दुसऱ्याने आतून ट्रान्समच्या वरच्या कडेवर डोळा ठेवायचा. धड ट्रान्सम हललेला डोळ्यांना दिसत नाही. दोन-तीन मिलिमीटर जरी हलताना दिसला तरी आतला सांधा सुटलेला आहे.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून पाहा. कोरडी, चिकटलेली जागा टणक वाजते, सुटलेली जागा भद्द वाजते. वरून सुरुवात करून ड्रेनच्या भोकापर्यंत या आणि आवाज बदलला तिथे खडूने रेघ मारा. कुज बहुतेक खालून वर चढलेली असते, त्यामुळे वरचा भाग टणक वाजला म्हणून हायसं वाटून घेऊ नका.

शेवटचा पुरावा भोकाचा. आतल्या बाजूने ५ मिलिमीटरच्या बिटने तीन रांगांत नऊ भोकं पाडा. बाहेरचं फायबर फुटू नये म्हणून बिटला ३० मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा. बिटबरोबर येणारा भुसा तळहातावर घेऊन पाहा. चांगल्या प्लायचा भुसा फिकट, कोरडा, कुरकुरीत असतो. खराब असेल तर भिजवलेल्या तपकिरीसारखा काळपट गोळा बिटला चिकटून येतो, त्याला आंबूस वास असतो, आणि खालच्या रांगेतल्या भोकातून चहाच्या रंगाचं पाणी थेंबाथेंबाने ओघळायला लागतं. होडी महिनाभर किनाऱ्यावर उभी असली तरी ते येतं. नऊपैकी एकच भोक ओलं, आणि तेही ड्रेनजवळ, तर तेवढाच भाग बदलून भागतं. तीन किंवा जास्त ओली असतील तर पूर्ण प्लाय काढा. अर्धा काढून अर्धा ठेवण्यात पैसे वाचत नाहीत, कारण उरलेल्या अर्ध्यासाठी पुढच्या वर्षी तेच सगळं पुन्हा उघडावं लागतं.

भोकं पाडून आत पातळ इपॉक्सी रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं चिकट द्रव) ओतायचा उपाय बरेच जण सुचवतात. त्याच्या नादी लागू नका. पाण्याने भरलेल्या लाकडात रेझिन शिरायला जागाच नसते. ते भोकाभोवती दोन बोटं पसरतं आणि थांबतं, आणि भोकं बुजल्यामुळे ओल मात्र आत कायमची कोंडली जाते.

काम कधी काढायचं

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, हात मोकळे असतात, म्हणून दुरुस्ती त्याच दिवसांत आणि नारळी पौर्णिमेच्या घाईत उरकली जाते. फायबरच्या कामाला याहून वाईट काळ नाही. हवेत इतकी ओल असते की काचेची मॅट नुसती उघडी ठेवली तरी दमट होते, आणि दमट मॅट रेझिन नीट पीत नाही, पांढुरकी राहते. लाकूड तर वाळतच नाही. दुरुस्ती टिकत नाही त्यामागे हे मोठं कारण आहे. मार्च ते मेच्या मध्यापर्यंतचे दिवस धरा. तीन आठवडे होडी बंद राहील, धंदा बुडेल, हे मान्य. पण पावसाळ्यातच करायचं असेल तर झाप किंवा ताडपत्री नुसती वर नको, तिन्ही बाजूंनी बंद आडोसा हवा, आत दिवसरात्र जळणारे बल्ब हवेत आणि मॅट प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरात ठेवायला हवी.

सामान

अठरा-वीस फुटी होडीचा ट्रान्सम साधारण १.४ मीटर रुंद आणि ०.६ मीटर उंच धरून हिशेब असा: १८ मिलिमीटर मरीन प्लायची ८ बाय ४ फुटांची एक शीट, त्यातून दोन तुकडे निघतात. शीटवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहूनच घ्या. या प्लायचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात टिकतो. नुसतं 'वॉटरप्रूफ' म्हणून विकला जाणारा फर्निचरचा प्लाय चालत नाही. ४५० ग्रॅमची चॉप मॅट ३ किलो, ६०० ग्रॅमचं वोव्हन रोव्हिंग (काचतंतूंचं जाड विणलेलं कापड) २ किलो. रेझिन १६ ते १८ किलो, आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर किंवा त्याहून चांगलं म्हणजे व्हिनाइल एस्टर. टाक्या आणि पत्र्यांसाठी मिळणारं साधं स्वस्त रेझिन सतत पाण्याखाली राहणाऱ्या जागेला वापरू नका. घट्टपणासाठी एरोसिल (सिलिकाची हलकी पूड) अर्धा किलो, ६ मिलिमीटर लांबीचे कापलेले काचतंतू एक किलो, अॅसिटोन ५ लिटर, कॅटॅलिस्ट, म्हणजे रेझिन घट्ट करणारं द्रव, पाव किलो.

कॅटॅलिस्ट वजनाच्या १ ते दीड टक्का. एप्रिलच्या उन्हात १ टक्काच पुरतो. १ टक्क्याच्या खाली गेलात तर रेझिन वरून सुकल्यासारखं दिसतं, आत कच्चं राहतं. २ टक्क्यांच्या वर गेलात तर डबा तापून धूर निघतो आणि थर ठिसूळ होतो. झाकणाने अंदाजे ओतू नका, दवाखान्यातली सिरिंज घ्या आणि एका वेळी एक किलोच्या वर मिसळू नका. कामाआधी १०० ग्रॅमचा नमुना करून किती मिनिटांत घट्ट होतो ते पाहा. रेझिनमध्ये कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव) आधीच घातलेलं आहे का, हे दुकानदाराला विचारून घ्या. नसेल तर आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच कॅटॅलिस्ट घाला. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, एकाच मापानेही घेऊ नका, स्फोट होतो. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर नजर कायमची जाऊ शकते. चष्मा लावूनच हात घाला, आणि गेलाच तर १५ मिनिटं पाण्याची धार धरून लगेच डॉक्टरकडे जा.

इपॉक्सी वापरायचं असेल तर ते उत्तमच. लाकडाला आणि जुन्या फायबरला ते पॉलिएस्टरपेक्षा जास्त चिकटतं. पण मग सगळं काम इपॉक्सीतच करा, कारण इपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशाने धरत नाही. शिवाय नेहमीची चॉप मॅट इपॉक्सीत विरघळत नाही, तिच्यातला बाइंडर स्टायरिनने सुटतो आणि स्टायरिन पॉलिएस्टरमध्ये असतं. इपॉक्सीबरोबर विणलेलं कापडच घ्या.

उघडणं

पाडण्याआधी ट्रान्समची जुनी जाडी आणि वरच्या कडेची तळापासूनची उंची मोजून लिहून ठेवा. शॉर्ट शाफ्ट (आखूड पायाच्या) इंजिनला साधारण १५ इंच, लाँग शाफ्टला (लांब पायाच्या) २० इंच उंची लागते. ती जास्त झाली तर पंखा हवा ओढतो. बाहेरच्या बाजूला दोन सरळ लाकडी बॅटन आडव्या बांधा आणि मागच्या तळाखाली टेकू द्या. प्लाय निघाल्यावर बाहेरचा पापुद्रा एकटा उरतो आणि झुकतो. तो झुकलेल्या अवस्थेत नवा प्लाय चिकटला तर इंजिन कायम तिरकं बसतं.

आतल्या बाजूने कापा. कडांपासून ५० मिलिमीटर फायबर सोडून ग्राइंडरच्या कटिंग चकतीने चौकोन कापा आणि आतला पापुद्रा उचकटून काढा. कुजका प्लाय हाताने निघतो, चांगला राहिलेला भाग मात्र छिन्नीनेच काढावा लागतो. कोपऱ्यातलं शेवटचं बोटभर लाकूडही ठेवू नका, पुढची कुज तिथूनच सुरू होते. तळातले लांब लाकडी दांडे जिथे ट्रान्समला टेकतात तिथेही टोच्याने टोचून पाहा. लाकूड मऊ लागलं तर ताजं लाकूड लागेपर्यंत कापा. काचेची धूळ बारीक असते, साधा रुमाल पुरत नाही, फिल्टरचा मास्क घाला.

आतला भाग गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा. राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं. मग आठ-दहा दिवस वाळू द्या. वाळलं का, हे कळण्यासाठी फूटभर चौकोनी पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून एक दिवस ठेवा. आतून वाफेचे थेंब दिसले तर अजून थांबा. वाळल्यावर ३६ किंवा ४० नंबरने घासून पृष्ठभाग चमक पूर्ण जाईपर्यंत खरखरीत करा. जुना तडा बाहेरून भरताना त्याच्या दोन्ही बाजूंनी उतार द्या, जाडीच्या बारापट. ५ मिलिमीटर फायबरला ६० मिलिमीटर उतार. सरळ खाच पाडून भरलेलं ठिगळ कडेवरून सुटतं, कारण तिथे काच काचेवर चढलेलीच नसते.

प्लाय चिकटवणं

दोन्ही तुकडे आधी कोरडे बसवून पाहा. कडेला सगळीकडे ३ ते ५ मिलिमीटर फट राहू द्या, ठोकून घट्ट बसवू नका. ट्रान्समला बाक असेल तर १८ चे दोन वाकत नाहीत, तिथे १२ चे तीन घ्या. सगळ्या बाजूंना पातळ रेझिनचा एक हात द्या आणि कडांना तीन. प्लायची कड शेवयांच्या जुडीच्या टोकासारखी पाणी ओढते, म्हणून तिला पोटभर रेझिन पाजायला हवं.

पेस्ट अशी: एक किलो रेझिनला ४० ग्रॅम एरोसिल आणि १५० ग्रॅम कापलेले तंतू. टांगलेल्या चक्क्याइतकी घट्ट हवी, उभ्या फळीवर लावली तर ओघळू नये. कॅटॅलिस्ट सगळ्यात शेवटी घाला. लादी बसवणाऱ्यांची ६ मिलिमीटर दात्यांची थापी घ्या आणि फायबरवर आणि प्लायवर दोन्हीकडे पेस्ट ओढा. दात्यांच्या चरांतून हवा बाहेर निघते. हाताने थापलेल्या पेस्टमध्ये हवेचे कप्पे राहतात आणि पुढे पाणी त्याच कप्प्यांत साठतं. इंजिनच्या जुन्या भोकांतून आणि गरज पडल्यास आणखी चार ठिकाणी १० मिलिमीटरचे बोल्ट घालून, मोठे वॉशर आणि लाकडी ठोकळे लावून आवळा. चारही कडांनी पेस्ट बाहेर आली की थांबा. सगळी पिळून काढली तर सांधा कोरडा पडतो. मध्ये २ मिलिमीटर तरी राहायला हवी. हे काम दोन माणसांचं आहे. एप्रिलमध्ये पेस्ट वीस-पंचवीस मिनिटांत उभी राहते, तेवढ्यात एकट्याला बोल्ट आवळून होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी कडेच्या फटी त्याच पेस्टने भरा आणि कोपऱ्याला गोलाई द्या. वाटीच्या बुडाने ओढली तरी चालते, अर्धव्यास २० ते २५ मिलिमीटर आला पाहिजे. काच काटकोनात वळत नाही, वळवली तर मागे पोकळी राहते.

आतला थर

क्रम: मॅट, मॅट, रोव्हिंग, आणि दुसऱ्या दिवशी मॅट, रोव्हिंग, मॅट. जुन्या पृष्ठभागावर पहिला थर कायम मॅटचा. रोव्हिंग थेट लावलं तर विणीच्या उंचवट्यांवरच टेकतं. पहिला थर बाजूंवर आणि तळावर ७५ मिलिमीटर चढवा, पुढचे प्रत्येकी २५ ने वाढवत शेवटचा २०० पर्यंत न्या. मॅटला वजनाच्या सव्वादोन पट रेझिन, रोव्हिंगला वजनाइतकं. लोखंडी वॉशर-रोलरने पांढरे ठिपके जाईपर्यंत दाबा. एका बैठकीत तीन थरांच्या वर जाऊ नका, जाड थर आतून तापतो आणि सुटतो. सकाळी लवकर सुरू करा, होडीवर थेट ऊन येऊ देऊ नका. वरच्या कडेवरून निदान दोन मॅट बाहेरच्या बाजूला ७५ मिलिमीटर उतरवा. तिथे इंजिन बसतं, उघडं लाकूड कुठेही दिसता कामा नये.

इथे एक चूक फार होते. काही रेझिनमध्ये मेण असतं, वाळताना ते वर येऊन पातळ पडदा धरतं. त्यावर घासल्याशिवाय पुढचा थर चढवला तर तो चार महिन्यांत चादरीसारखा निघतो. अॅसिटोनने पुसून मेण जात नाही, ते फक्त पसरतं. मधल्या थरांना बिनमेणाचं रेझिन वापरा, मेण फक्त शेवटच्या हाताला. मधला थर २४ तासांपेक्षा जास्त राहिला तर ६० नंबरने घासून मगच पुढे जा.

आठवडाभराने अॅसिटोनचा बोळा अर्धा मिनिट घासून पाहा. पृष्ठभाग चिकट झाला तर रेझिन कच्चं आहे, इंजिन टांगू नका.

भोकं

सगळी मेहनत इथे वाया जाऊ शकते. १२ मिलिमीटरच्या बोल्टसाठी आधी २४ चं भोक पाडा, ते पेस्टने गच्च भरा, वाळल्यावर त्याच्या मधोमध १२.५ चं पाडा. म्हणजे बोल्टभोवती सहा मिलिमीटर रेझिनची नळी तयार होते आणि पाणी आलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. ड्रेन प्लगचंही तसंच करा, हव्या मापापेक्षा १२ मिलिमीटर मोठं पाडून. बोल्ट ३१६ स्टेनलेस स्टीलचे घ्या, ३०४ चे खाऱ्या पाण्यात वॉशरखाली गंजतात. आत आणि बाहेर पॉलियुरेथेन सीलंट लावा. सिलिकॉन नको, त्याच्या डागावर पुढे रेझिनही धरत नाही आणि रंगही. वरच्या पट्टीला स्क्रू मारू नका, सीलंटनेच चिकटवा.

प्लाय नवा, तरी तडा आला तर

मग इंजिन बघा. ९.९ अश्वशक्तीसाठी बांधलेल्या होडीवर २५ ची मशीन लावलेली असते, किंवा जुनं टू-स्ट्रोक काढून तेवढ्याच शक्तीचं पण जास्त वजनाचं फोर-स्ट्रोक आलेलं असतं. अशा वेळी ट्रान्सम आतून तळाच्या दांड्यांना बांधावा लागतो: दोन्ही बाजूंना १८ मिलिमीटर प्लायचे त्रिकोणी गुडघे, उंची ट्रान्समच्या दोन तृतीयांश, पाया निदान ४०० मिलिमीटर, आणि त्यांवर दोन मॅट, एक रोव्हिंग. गुडघ्याचं टोक थेट फायबरवर टेकवू नका, १० मिलिमीटर फट ठेवून पेस्टने भरा, नाहीतर नवा तडा बरोबर त्या टोकावर येतो.

पहिल्या दहा तासांच्या फेऱ्यांनंतर बोल्ट एकदा आवळा. पावसाळा संपला की खालचा एक बोल्ट काढून भोकात बॅटरी मारून पाहा. रेझिनचं कडं कोरडं आणि एकसारख्या रंगाचं असेल तर बोल्टला नवीन सीलंट लावून परत बसवा. कड्याला कुठे तपकिरी ओघळ दिसला तर त्याच दिवशी ते भोक मोठं करून पुन्हा भरा.